धनुबाईची विहीर

प्रकाशा गावाच्या पलीकडे तापीकाठी तीस घरांची वस्ती होती. कुणी पत्ता विचारला की बोट आधी विहिरीकडे जायचं. धनुबाईच्या विहिरीच्या डावीकडे छगनचं घर, उजवीकडे मारुतीचा पार, सरळ खाली गेलं की नदी. ही धनुबाई म्हणजे रतिलालची पहिली बायको. संवत छपन्नच्या मोठ्या दुष्काळात तिनं हातातल्या सोन्याच्या पाटल्या मोडून विहीर खणवली, वस्ती जगवली आणि तीन वर्षांनी प्लेगात गेली. मूल ना बाळ.

तिच्या जागी आली जसोदाबाई. लग्नातच तिच्या गळ्यात मेलेल्या सवतीची प्रतिमा कोरलेला चांदीचा टाक बांधला, रीतच तशी. टाकाचं काही नाही हो! पण रोज घागर घेऊन निघालं की कुणीतरी विचारणारच, "धनुबाईनी विहीरवर चालनी का वं, जसोदा?" आणि हिच्या अंगाचा तिळपापड. रतिलालला दोन मुलगे हिनं दिले, कापूस वेचून कंबर हिची मोडली, सासूचं दुखणं हिनं काढलं. आणि नाव कुणाचं? मेल्या म्हशीला मणभर दूध! एकदा ईर्षेनं तिनं विहिरीजवळ कडुलिंब लावला, उन्हाळाभर पाणी घालून जगवला. लोक त्यालाही धनुबाईचा लिंब म्हणायला लागले. त्या दिवशी तिनं चूल पेटवली नाही.

अशी पंचवीस वर्षं गेली. एका दुपारी कचेरीतला कारकून वस्तीची माहिती लिहायला आला. पुरुषमंडळी शहाद्याच्या बाजाराला गेलेली. विहिरीवर एकटी जसोदाबाई.

"बाई, या विहिरीला काय म्हणतात?"

तिनं मागंपुढं पाहिलं. कुणी नव्हतं. "जसोदाबाईनी विहीर," ती म्हणाली, आणि छातीत कसं गार वाटलं! सरकारी कागदावर चढलं म्हणजे चढलं. खोडतंय कोण?

पण कारकून पडला चिकट. कोण ही जसोदाबाई? विहीर का खणली? आता खोटं बोलायचं तर पुरतं बोलावं लागतं. तिनं दुष्काळ सांगितला, पाटल्या सांगितल्या, सवतीचं एकेक पुण्य आपल्या नावावर केलं. काय रंगून सांगत होती! पण ही गोष्ट पंचवीस वर्षं तिनं एकाच चालीनं ऐकलेली. जीभ आपोआप शेवटापर्यंत घसरली, "अन् तीन वरीसमा ती पिलेगमा मरी गई."

कारकुनानं लिहिलं, जसोदाबाई, मयत. मग वर पाहून म्हणाला, "आणि माहिती देणाऱ्या तुम्ही कोण?"

बाई गं! जसोदाबाई तर तिनं आत्ताच मारली होती. दुसरं नाव सुचेना.

"धनुबाई," ती म्हणाली.

तेवढ्यात बाजारातून रतिलाल परतला. पन्नाशी उलटलेला माणूस, थकून चालत होता. कारकून दप्तर बांधता बांधता म्हणाला, "या मालक. तुमच्या वस्तीची माहिती मिळाली. धनुबाईंनी सगळं सांगितलं."

रतिलालच्या हातातली पिशवी गळून पडली. "कोठे शे ती?" त्यानं विचारलं. तो चेहरा! लग्नाला निघालेल्या पोराचा असावा तसा. पंचवीस वर्षांत असा चेहरा करून तो जसोदाबाईकडे एकदाही वळला नव्हता. आता वळला, आणि विहिरीच्या काठावर त्याला फक्त जसोदाबाई दिसली.