खाडीचा चिखल आणि आम्ही नगरवाले

नेवासा तालुक्यातल्या कॉलेजात आम्ही प्राणिशास्त्र शिकवतो. समुद्र इथून अख्खा घाट उतरून पलीकडं! तरी दरवर्षी पोरांना कोकणातल्या खाडीवर नेतो. ओहोटीला चिखल उघडा पडतो, खेकडे, शिंपले, गोगलगायी दिसतात. भरती आली की खेळ खलास. या वेळ गाठण्याच्या धावपळीतून एवढे किस्से झालेत की स्टाफरूममध्ये सिलॅबसला जागाच उरत नाही.

पहिल्या वर्षी आमचे प्राचार्य सोबत आले. म्हणाले, "आधी निवांत नाष्टा करू." निवांत नाष्टा केला. खाडीवर पोचलो तर पाणी काठोकाठ!

"चिखल कुठंय?" प्राचार्यांनी विचारलं.

"पाण्याखाली, सर."

"मग थोडं पाणी कमी सोडायला सांगा की त्यांना!"

जन्म कॅनॉलवर गेलेला माणूस!

तेव्हापासून सगळी सूत्रं विभागप्रमुख शेळके मॅडमच्या हाती. पालकसभेत त्यांनी भरती-ओहोटीची वेळ रोज कशी पुढं सरकते ते चंद्र काढून समजावलं. मागं बसलेले एक शेतकरी मान हलवत उठले.

"म्हंजी शेतीच्या लाईटीवानी! येळ सारखी बदलती. पन मॅडम, चंद्राचं टाइमटेबल तरी खरं निघतंय ना?"

एका वर्षी ताम्हिणी घाटात चहाला थांबलो. मॅडमचा जीव घड्याळात. आमचे ड्रायव्हर बबनराव ओरडले, "प्या पटापट! तिकडं पाणी निघालं हाय!"

हॉटेलवाला घाबरला. "कोणतं धरण सोडलं?"

"अरबी समुद्र!" बबनराव म्हणाले आणि गाडीला स्टार्टर मारला. ओहोटी गाठली बरं का!

आणि मागच्या वर्षीचं तर काय सांगू! चिखलात पोरं रमली होती. पाणी परत फिरायला लागलं तशी शेळके मॅडमनी शिट्टी मारली. सगळे निघाले, पण स्वतः मॅडमच गुडघ्यापर्यंत रुतल्या. जितका जोर लावतील तितक्या खाली. पाणी जवळ येत होतं. माझ्या तोंडचं पाणी पळालं होतं.

वैशाली पुढं झाली. घोडेगावची पोर, तिथल्या शुक्रवारच्या जनावरांच्या बाजारात वडलांचा म्हशींचा व्यापार. ती सरळ पोटावर आडवी झाली आणि सरकत मॅडमजवळ गेली.

"मॅडम, पाय ओढू नका. मागं टेका. हळूहळू हलवा." हातानं चिखल मोकळा करत म्हणाली, "भिऊ नका, आमच्या म्हशीपरीस तुमी लई हलक्या हायत!"

मॅडमना तशातही हसू फुटलं. एक पाय सुटला, मग दुसरा. मी आणि पोरांनी हाताला हात धरून साखळी केली अन् दोघींना ओढत काठावर आणलं. पाठोपाठ पाणी आलंच. मॅडमनी चिखलासकट वैशालीला मिठी मारली.

काठावर जाळं विणणारा एक म्हातारा कोळी हे सगळं बघत होता. तो उठून आला.

"शाबास गो! कुठल्या बंदरावरची तू?"

"घोडेगाव."

म्हातारा विचारात पडला. "मोठं बंदर आहे काय?"

वैशालीनं तोंडावरचा चिखल पुसला.

"लई मोठं, काका! शुक्रवारी म्हशी उतरत्यात."