लाल ठिपका, हिरवा ठिपका

कंडक्टरकाकांची सगळी नोकरी गर्दीत गेली. "पुढे सरका" म्हणता म्हणता त्यांनी बसमध्ये कुणाची भांडणं मिटवली, कुणाची लग्नंही जुळवली. बायको गेल्यावर घर खायला उठलं, तेव्हा "तिथे तुमची नीट काळजी घेतील, बाबा" असं गोड बोलून मुलाने त्यांना वृद्धाश्रमात आणून सोडलं.

आश्रमात नुकतंच एक यंत्र आलं होतं. नव्याने आलेला माणूस पुढे उदास होणार की नाही, हे ते आधीच सांगायचं. समुपदेशक बाई प्रश्न विचारायच्या, यंत्र ठिपका द्यायचं.

"झोप लागते का, काका?"

"मागच्या सीटवरच्या प्रवाशासारखी लागते, ताई. फक्त स्टॉप आला म्हणून उठवणारं कुणी नाही."

बाई खळखळून हसल्या. ठिपका हिरवा. धोका नाही.

शेजारच्या खाटेवरचे ड्रॉइंगमास्तर जन्मजात घुमे. त्यांना लाल. मग काय, रोज स्वयंसेवक येऊन त्यांच्या उशाशी बसू लागले. कुणी गप्पा मारी, कुणी टाळ्या वाजवून हसायला लावी. मास्तर भिंतीकडे तोंड करून पडत. काकांनी मध्ये तोंड घातलं की उत्तर ठरलेलं, "तुमचं छान चाललंय, काका."

हळूहळू काकांची बडबड आटली. ताटातलं अन्न ताटातच राहू लागलं. शेवटी त्यांनी बाईंना गाठलं.

"मलापण लाल करा."

"मदत मागता येते, हेच तर निरोगी मनाचं लक्षण," बाई कौतुकाने म्हणाल्या आणि गेल्या.

दुसऱ्या दिवशी स्वयंसेवक आला, तेव्हा मास्तर पहिल्यांदाच या कुशीवर वळले.

"माझ्या वाटणीचं याच्याशी बोला. हा गप्प बसला की मला चैन पडत नाही."

"पण मला तुमच्याजवळच बसायला सांगितलंय."

"मग खुर्ची इथेच ठेवा. तोंड तिकडे करा."

तेव्हापासून खुर्ची मास्तरांची आणि गप्पा काकांच्या, अशी सोय झाली. काकांची गाडी रुळावर आली, मास्तरांना निवांत चित्रं काढता येऊ लागली. पण मास्तर सुधारताहेत असं बाईंच्या कानावर गेलं, आणि त्यांनी पुन्हा तपासणी लावली. लाल गेला की खुर्चीही जाणार, म्हणून काका रात्रीच मास्तरांच्या खाटेशी आले.

"मास्तर, उद्या जरा पडेल चेहरा करा हो."

"तो देवानेच दिलाय," मास्तर म्हणाले.

बाईंनी विचारलं, "आता कसं वाटतं?" मास्तरांनी बराच वेळ खिडकीबाहेर पाहिलं, मग एक लांब सुस्कारा सोडला. ठिपका लालच राहिला. बाईंचा चेहरा उतरला, आणि काका त्या दिवशी मागून मागून जेवले.