पाच नंबरचा टॅग

माझा नवरा चालताना मागे बघतो. बाजारात, लग्नाच्या मांडवात, बोईसर स्टेशनच्या पुलावर, कुठेही. दर पाच-सात पावलांनी मान एकदा उजवीकडे जाते, एकदा डावीकडे, आणि पुन्हा समोर येते. लग्न होऊन मी बोईसरजवळच्या नवापूरला आले तेव्हा सासूबाईंनी पहिल्याच आठवड्यात मला बाजूला घेतलं. म्हणाल्या, "त्याच्या मागं कोनतरी हाय गो. तू शिकलेली, तुला नाय पटायचं." त्यांनी त्याची दृष्ट काढली होती, दोन ठिकाणी नेऊनही आणलं होतं. मी त्यांना समजावलं की ही खेळाची सवय आहे. तो स्टॉपर आहे. स्टॉपर म्हणजे गोलकीपरच्या पुढे, बचावाच्या मधोमध उभा राहणारा खेळाडू. त्याच्या समोर चेंडू असतो आणि धोका पाठीमागून येतो, म्हणून त्याला दोन्हीकडे बघावं लागतं. सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मंग मी काय येगलं बोलते?"

मी मूळची केळव्याची. घरी सुपारीची वाडी. केमिस्ट्री घेऊन पदवी केली आणि बोईसरला एका केमिकल कंपनीत लागले, आधी लॅबमध्ये आणि मग सेफ्टी खात्यात. पालघरला फुटबॉलची स्पर्धा होती आणि आमच्या कंपनीकडे प्रथमोपचाराचं टेबल होतं. त्या टेबलावर मला बसवलं होतं. हा भुवई फुटून आला. मी म्हटलं, टाके घालावे लागतील. तो म्हणाला, मॅच संपल्यावर. मी पट्टी बांधली आणि तो गेला, आणि दहा मिनिटांत त्याच भुवईने चेंडू उडवताना दिसला. हा माणूस बिनडोक आहे असं माझं तेव्हाचं मत होतं. वर्षभराने त्याच्याशी लग्न केलं. मी नवऱ्याला अरे-तुरे करते हे सासूबाईंना अजूनही आवडत नाही.

तो नवापूरच्या किनाऱ्यावर खेळायला शिकला. ओहोटी लागली की ओल्या वाळूचं मैदान उघडं पडतं. ओल्या वाळूत चेंडू टप्पा घेत नाही, पडला की तिथेच बसतो. म्हणून तिथली पोरं चेंडू हवेतच खेळवायची आणि हवेतला चेंडू डोक्याने अडवायची. त्यांचा चेंडू शिवणी उसवलेला, समुद्राचं पाणी प्यायलेला असायचा. डोक्यावर घेतला की दातापर्यंत कळ जायची, असं तो कौतुकाने सांगायचा. पुढे मुंबईच्या क्लबने घेतलं तेव्हा कोरडा चेंडू त्याला फुग्यासारखा वाटला. सरावाला बाकीचे खेळाडू वीस वेळा डोक्याने चेंडू मारून थांबायचे. हा थांबायचा नाही, कारण त्याला कधी कोणी थांब म्हटलं नाही.

मुंबईनंतर कोलकात्यात दोन वर्षं आणि मग गोव्यात. त्याचा नंबर पाच. समोरच्या संघाचा मुख्य गोल मारणारा तो नऊ नंबर. घरात त्या माणसांना नावं नसायचीच. या रविवारचा नऊ नंबर डाव्या पायाचा आहे. मागच्या वेळचा नऊ नंबर कोपर मारतो. मी नोकरी सोडली नव्हती, रजा काढून गोव्याला जायचे आणि हे ऐकत बसायचे. त्याचं काम मला पटायचं. स्टॉपरने काम नीट केलं तर काहीही घडत नाही, आणि आमच्या सेफ्टी खात्याचंही तसंच असतं.

त्याच्या हातून जे घडलं ते मी समोर बसून पाहिलं. हंगामातली शेवटची मॅच होती. बरोबरी झाली असती तरी संघ वरच्या गटात टिकला असता. थोडी मिनिटं उरली होती. वरून लांब चेंडू आला. नवऱ्याने उजव्या खांद्यावरून मागे पाहिलं. नऊ नंबर डावीकडे होता. एवढंच. गोल झाला तेव्हा माझा नवरा धावत नव्हता, एक हात वर करून उभा होता. ऑफसाइड आहे, गोल धरू नका, असं तो पंचांना सांगत होता. ऑफसाइड नव्हता. हात बराच वेळ वर राहिला, मग शेजारच्या खेळाडूने तो धरून खाली केला.

संघ खालच्या गटात गेला, पुढच्या वर्षी मालकाने तो बंदच केला. वीस-बावीस जण रिकामे झाले. ते आपल्यामुळे झालं हे त्याने एकदाच सांगितलं, नंतर त्यावर बोलला नाही. एक वर्ष इकडेतिकडे खेळला, गुडघा गेला आणि तेहतिसाव्या वर्षी परत आला. आमच्याच कंपनीत प्लांटवर ऑपरेटर म्हणून लागला. कंपन्यांच्या आपसातल्या स्पर्धेसाठी आमच्या साहेबांना स्टॉपर हवा होता. काम मात्र तो मनापासून शिकला. बारा वर्षांत त्याच्या नावावर एकही चूक नव्हती. हे मी बायको म्हणून सांगत नाही, तो कागद माझ्याच खात्यात असतो.

विसरणं कधी सुरू झालं हे मला नेमकं सांगता येणार नाही. आधी किल्ल्या, मग वार, मग भावजयीचं नाव. एका रविवारी मी स्वयंपाकघरात बोंबील साफ करत होते. मागे वळले तर हा दारात एक हात वर करून उभा. मी विचारलं, काय हवंय. तो माझ्याकडे बघतच नव्हता. हळूच म्हणाला, "नऊ नंबर कुठाय?" मी म्हटलं, इथे कोणी नाही. त्याने हात खाली घेतला आणि स्वतःच हसला. मग मला बोंबील साफ करू लागला, हातही नेहमीसारखे सफाईने चालत होते. पण त्या दिवसापासून घरात एक माणूस जास्त झाला. जेवताना नवरा पाठ भिंतीला लावून बसू लागला. ओटीवर मध्येच थबकून घरामागच्या वाडीकडे बघू लागला. सासूबाई माझ्याकडे अशा बघायच्या की मला उत्तर द्यावंसं वाटायचं. आणि खरं सांगायचं तर मीही विहिरीवर जाताना एकदा-दोनदा मागे पाहिलं आहे.

मी त्याला मुंबईला डॉक्टरकडे नेलं. त्यांनी मेंदूचे फोटो काढले, कोडी घातली, कागदावर घड्याळाचं चित्र काढायला लावलं. मग विचारलं, आयुष्यात डोक्याने चेंडू साधारण किती वेळा मारला असेल? नवरा म्हणाला, "सकाळी की संध्याकाळी?" डॉक्टरही हसले. मग मला एकटीला बसवून म्हणाले की खात्रीने सांगता येत नाही, पण डोक्याला सारखे दणके बसलेल्यांमध्ये असं दिसतं, आणि हे मागे फिरत नाही. मी कंपनीत कळवलं नाही. घरात विसरतो, प्लांटवर विसरत नाही, असं मी स्वतःला सांगितलं. ही चूक माझी आहे आणि ती मी सेफ्टीतल्या नोकरीच्या अठराव्या वर्षी केली.

आमच्याकडे मोठ्या टाक्या आतून साफ करायला माणसं उतरतात. ती आत असताना टाकीत येणारी प्रत्येक पाइपलाइन बंद करून तिच्या व्हॉल्व्हला कुलूप लावायचं असतं. कुलपाला टॅग. टॅगवर लावणाऱ्याचा टोकन नंबर, म्हणजे कंपनीतला हजेरीचा नंबर, आणि वेळ. किल्ली त्याच्याच खिशात. ज्याने लावलं त्यानेच काढायचं, मालक आला तरी दुसऱ्याने हात लावायचा नाही. आत उतरणारा माणूस बाहेरच्या कोणाला ओळखत नसतो, तो त्या टॅगवर विश्वास ठेवून उतरतो.

त्या दिवशी टाकीत ठेकेदाराचे दोघं उतरले होते. बाहेर उभा असलेला त्यांचा साथीदार अकराच्या सुमाराला माझ्या टेबलाशी आला. त्याच्या हातात टॅग होता. तो म्हणाला, "मॅडम, ये पाँच नंबर कौन है? ताला नहीं है, सिर्फ टॅग लटका था."

आमच्या प्लांटवर पाच टोकनचा माणूस नाही. अक्षर मी ओळखलं. आधी त्या दोघांना बाहेर काढायला सांगितलं, स्वतः धावले. टॅग नायट्रोजनच्या लाइनवर होता. नायट्रोजनला वास नसतो. चुकून कोणी तो व्हॉल्व्ह उघडला असता तर आतल्या माणसांना काही कळायच्या आत त्यांची शुद्ध गेली असती. कोणी उघडला नव्हता. दोघं वर आले, धुळीचे मास्क काढून चहा मागू लागले. कशासाठी बाहेर काढलं हे त्यांना समजलं नाही.

शिफ्टचे इन्चार्ज नवऱ्याबरोबर कंपनीच्या संघात खेळलेले. त्यांनी मला पाइपांच्या मागे नेलं. कोणाला काही झालेलं नाही, टॅग फाडून टाका, मी त्याला टाकीच्या कामावर परत लावणार नाही, असं म्हणाले. मग हलक्या आवाजात म्हणाले, "वहिनी, लिहिलंत तर त्याची नोकरी जाईल. इथं तो कोणीतरी आहे. घरी बसला की राहिलेलं पण विसरेल."

ते खोटं बोलत नव्हते. मुलगी नाशिकला शिकते, तिला फोन केला. तिने सगळं ऐकून एवढंच विचारलं, "आई, बाबांना विचारलंस का?" मी विचारलं नव्हतं.

जेवणाच्या सुट्टीत कॅन्टीनमध्ये गेले. तो कोपऱ्यात बसला होता, पाठ भिंतीला. मी टॅग त्याच्या ताटाशेजारी ठेवला. म्हटलं, हे बघ. त्याने पाहिलं. माझंच अक्षर, म्हणाला. मी विचारलं, यात काय चुकलंय सांग. त्याने टॅग उलटा केला, सुलटा केला, वेळ वाचली. शिकाऊ ऑपरेटरलासुद्धा दिसलं असतं. मी मनात म्हणत होते, टोकन म्हण. नुसतं टोकन म्हण. त्याला चूक दिसली असती तर मी काय केलं असतं, कोणास ठाऊक.

तो म्हणाला, "पाच नंबर. बरोबर हाय की." आणि मला त्याच्या ताटातला पापड दिला.

मी वर जाऊन रिपोर्ट लिहिला. टॅग त्याला जोडला. घटना, वेळ, जागा, संबंधित कर्मचारी. 'नातं' असा रकाना त्या फॉर्मवर नाही, म्हणून खाली वेगळी ओळ लिहिली की संबंधित कर्मचारी माझे पती आहेत, आणि त्यांच्या आजाराची मला चार महिन्यांपासून माहिती होती. त्या ओळीबद्दल मला लेखी समज मिळाली. ती योग्यच होती.

त्याची तपासणी झाली आणि वैद्यकीय कारणावरून त्याला कामावरून कमी केलं. निरोपाला प्लांटवरचे सगळे आले. इन्चार्ज माझ्याशी त्या दिवशी बोलले नाहीत, पुढे बरेच महिने कामापुरतंच बोलले. नवऱ्याला नारळ दिला, शाल दिली. तो आनंदात होता, ही कुठल्यातरी जिंकलेल्या मॅचची गडबड आहे असं त्याला वाटत असावं.

आता तो दिवसभर सासूबाईंबरोबर घरी असतो. त्या सुकत घातलेल्या मासळीवर लक्ष ठेवायला त्याला बसवतात. एकही कावळा येऊ देत नाही, असं त्या अभिमानाने सांगतात. पण आठवड्यातून दोन-तीनदा तरी सकाळी तो गणवेश शोधतो. आज कोणती शिफ्ट, विचारतो. मी सांगते, तुझी नोकरी संपली. कशी, विचारतो. मी तेही सांगते, कुलूप, टॅग, टाकी. मग तो विचारतो, "त्यांना सांगितलं कोनी?"

एकदा मी खोटं बोलून पाहिलं. म्हटलं, तपासणीत सापडलं. तो दिवसभर अस्वस्थ होता, येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला विचारत राहिला की मला कोणी धरून दिलं. शेजारी मासळी घ्यायला आलेल्या बाईवरही संशय घेतला. तेव्हापासून मी खरं सांगते, की मी सांगितलं.

दर वेळी तो हे पहिल्यांदाच ऐकतो. एकदा हसला. एकदा उठून किनाऱ्यावर निघून गेला आणि मला शोधायला जावं लागलं. एकदा म्हणाला, तू माझी बायको ना? एकदा विचारलं, आत किती माणसं होती? मी म्हटलं, दोघं. तो म्हणाला, मग बरं केलंस. त्या सकाळी मी कंपनीच्या बसमध्ये खिडकीशी बसून वाटेतलं पाम गाव येईपर्यंत रडले, जे मी सहसा करत नाही. दोन दिवसांनी त्याने पुन्हा विचारलं. बरं केलंस म्हटल्याचं त्याच्या लक्षात नव्हतं. त्याचं रागावणं टिकत नाही आणि माफ करणंही टिकत नाही, दोन्ही मलाच लक्षात ठेवावं लागतं.

परवा त्याने विचारलं तेव्हा बस यायला पाच मिनिटं होती. मी उंबऱ्यापर्यंत गेले होते. चप्पल काढली, आत आले आणि त्याच्यासमोर पाटावर बसले. दारातून जाता जाता सांगायची ही गोष्ट नाही, एवढं मला आता कळलं आहे.