पहिली जोडी

पहाटेच्या चहाआधी नवसीकाकी वलांडीवर पहिली जोडी लावायची. दोन ओले बोंबील, एकाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवलेला, आणि बांबूला ताणलेल्या वलांडीच्या दोरीवर ते दोन्हीकडे लोंबत टाकलेले. दांडीच्या किनाऱ्यावर सगळ्याच बायका असे बोंबील वाळवतात. पण तिच्या वलांडीवर पहिली जोडी तिचीच. सून जागृतीनेसुद्धा हात लावायचा नाही.

त्या दिवशी जोडी वाळूत पडली.

"काय गो आई, हात झोपलाय काय?" जागृती हसली. काकीने दुसरी जोडी घेतली, तीही सुटली. ती काहीतरी म्हणाली, पण शब्द झाला नाही. तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं.

जाऊ येसूबाई धावत आली. "अंगावरून वारं गेलं! तेल गरम करा, कांदा हुंगवा, निजवा तिला."

गेल्या वर्षी शेजारच्या महादूला असंच निजवलं होतं. संध्याकाळपर्यंत त्याचे पाय चोळणाऱ्यांत काकी होती. उशीर केलात, असं डॉक्टर म्हणाले, तेव्हाही ती तिथेच होती. महादू पुन्हा बोलला नाही.

काकीने डाव्या पायाने तेलाची वाटी उडवली. मुलाची, दर्पणची, कॉलर धरली आणि त्याला मासळीच्या टेम्पोकडे ओढलं. बर्फाच्या खोक्यांमध्ये निजून ती बोईसरच्या हॉस्पिटलात पोचली. तिथे स्कॅन झालं. मेंदूच्या मोठ्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली होती. इंजेक्शन देऊन डॉक्टरांनी तिला ॲम्ब्युलन्सने पुढच्या मोठ्या हॉस्पिटलात धाडलं.

तिथला डॉक्टर दर्पणला म्हणाला, "मांडीच्या रक्तवाहिनीतून बारीक नळी वर मेंदूपर्यंत नेऊन गुठळी ओढून काढायची. धोका आहे. पण थांबलो तर बोलणं आणि हात, दोन्ही जातील."

फोनवर येसूबाई ओरडत होती, "डोक्यात तार घालू देऊ नको!" दर्पण सहीचा कागद हातात धरून उभा राहिला. स्ट्रेचरवरून काकीने डाव्या हाताने त्याच्या पाठीत धपाटा घातला.

त्याने होकार दिला.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी तिला समजावलं, "गळाने मासा ओढावा तशी गुठळी काढली."

जड जिभेने ती म्हणाली, "आमी गळ नाय टाकत. डोल जाळं लावतो."

दर्पण हसता हसता रडला.

बोलणं परत आलं, पण उजव्या हाताची बोटं पुरती आली नाहीत. येसूबाईने अंगणात खाट टाकली. "आता बस गो. देवाने वाचवलं."

"बसायला वाचवलं काय?"

ती वलांडीखाली गेली. एक बोंबील दातांत धरला, दुसऱ्याचा जबडा डाव्या हाताने त्यात अडकवू लागली. पोरं हसली. जोड्या पडत राहिल्या, ती उचलत राहिली. शेवटी एक टिकली. त्यानंतर पहिली जोडी पुन्हा तिची झाली. औषधाच्या गोळ्या मात्र ती जागृतीच्या हातून घ्यायची.

पुढच्या वर्षी ती झोपेतच गेली. आदल्या संध्याकाळी वलांडीखालून फिरताना ती एका दोरीपाशी थांबली होती.

"येसू, तुझी ही जोडी सैल हाय. काढ, परत लाव."