लकडगंजचा टेकू

माझ्या मुलीच्या मोटारसायकलची चेन आमच्या घरात फार लाडाची. तिला रॉकेलची आंघोळ असते, जुन्या टूथब्रशने एकेक कडी घासून मिळते, कोरड्या फडक्याने अंग पुसून मिळतं आणि वर डब्यातल्या खास तेलाचा फवारा. त्याच मुलीने स्वतःच्या डोक्याला तेल शेवटचं कधी लावलं, ते मला आठवत नाही.

गाडी एवढी महागाची, पण तिला मधला स्टँड नाही. बाजूचा आहे, त्यावर ती पानठेल्यावरच्या पोरासारखी तिरकी उभी राहते आणि मागचं चाक जमिनीलाच टेकलेलं असतं. चेनला सगळीकडून तेल लागायचं तर चाक फिरायला हवं, आणि चाक फिरायचं तर गाडी कोणीतरी ढकलायला हवी. गाडी बनवणाऱ्या हुशार माणसांनी याचा विचार केलाच असणार. प्रत्येक घरात एक आई असते, हे त्यांनी गृहीत धरलं.

तर दर रविवारी सकाळी नागपुरात प्रताप नगरातल्या आमच्या गल्लीत मी गाऊनवर ओढणी घेऊन गाडीमागे वाकलेली असायची आणि ही चाकाशी उकिडवी बसलेली.

"आई, थोडी समोर घे."

मी घेतली.

"बस बस! जास्त झाली. थोडी मागं."

"एक काही ठरव वं. मले रिव्हर्स गिअर नाही."

समोरच्या काकू झाडांना पाणी घालता घालता दर रविवारी तेच विचारत, "काय वं, पेट्रोल संपलं का?" त्यांना चेनचं शास्त्र समजावून सांगायचा नाद मी लवकरच सोडला.

मग एक दिवस जेवताना हिने जाहीर केलं की ती हिमालयात स्पितीला चालली आहे, गाडीने, एकटी. ह्यांनी पेपर तोंडासमोर धरला. आमच्या घरात याचा अर्थ 'तुम्ही दोघी काय ते पाहा' असा होतो. मला घाटांची भीती वाटली, थंडीची वाटली, पण सगळ्यात जास्त वाटली ती माणसांची. रस्त्यात भेटणारा प्रत्येक अनोळखी माणूस मला बातम्यांमधलाच दिसायला लागला. मी अट घातली, "अनोळखी माणसाशी बोलायचं नाही. रस्ताही विचारायचा नाही. मोबाईल कायले घेतला मग?"

"नाही बोलत," ती म्हणाली. इतक्या पटकन की मला तेव्हाच कळायला हवं होतं.

पण दर पाचशे किलोमीटरला चेन तेल मागणार, धूळ आणि ओढे लागले की त्याआधीच मागणार. मग गाडी ढकलणार कोण? "कोणी ना कोणी भेटतेच," ती म्हणाली. त्या 'कोणी ना कोणी'ने माझी झोप उडवली.

माझं माहेर सावनेरकडचं, शेतीचं. बैलबंडीच्या आसाला वंगण द्यायचं तर माझे वडील लाकडाचा टेकू लावून चाक उचलून धरत. तीच अक्कल मी चालवली. लकडगंजात एका वेल्डिंगवाल्याकडे उभी राहून लोखंडी पाइपचा, घडी घालता येईल असा टेकू करून घेतला. तो लावला की मागचं चाक अधांतरी, आणि अनोळखी माणसाची गरजच नाही. जुन्या पडद्याची पिशवी शिवून त्यात तो घातला आणि वरून नाडीने गाठ मारली. माझी गाठ घरात प्रसिद्ध आहे. दुसऱ्या कोणाला ती कात्रीशिवाय सुटत नाही.

हिने पिशवी उचलली, वजन हाताला लागलं, आणि नेहमीसारखी कुरकूर न करता ती गाडीवर बांधली.

ती गेली. फोनवर मी "जेवलीस का" याच्याआधी "चेन झाली का" विचारायची. "झाली आई. चकाचक." मी निर्धास्त. माझ्या एका पाइपाच्या जोरावर आमची मुलगी कोणाशी एक शब्द न बोलता हिमालयात फिरते आहे, हे मी काकूंना इतक्यांदा ऐकवलं की त्या मी दिसले की नळ बंद करून आत जायला लागल्या.

ती परत आली उन्हाने काळी ठिक्कर पडून. चेन मात्र झळझळीत. आधी तिने वाकून चेन फिरवणाऱ्या स्प्रॉकेटचे दात झिजलेत का ते पाहिलं, मग आईला मिठी मारली. मी सामान उपसायला घेतलं. तळाशी पडद्याची पिशवी होती, आणि पिशवीवर माझीच गाठ.

"ही तं सोडलीच नाही तू."

"नाही."

"मंग चेन?"

"लोकं ढकलत होते ना."

तिने मोबाईल समोर धरला. प्रत्येक फोटोत तीच गाडी आणि मागे माझ्या जागी वाकलेलं कोणीतरी. एक ट्रकवाले सरदारजी. लग्नाच्या बँडमधला लाल कोटातला माणूस. गवताचा भारा खाली ठेवून आलेली एक बाई. मग माझ्याच वयाची एक, जाड शाल पांघरलेली.

"हे कोण?"

"काझाच्या अलीकडच्या गावातली. तिची भाषा नाही समजली मले. ढकलता ढकलता रागवून राहिली होती, तुह्यासारखीच. मंग माह्या गालावरचं तेल पुसलं आपल्या शालीनं, आन् चहा पाजला."

मला पोरीवर चांगलं तोंडसुख घ्यायचं होतं. तयारीही पूर्ण होती. पण त्या शालवाल्या बाईचा मला इतका हेवा वाटला की ते राहूनच गेलं.

"मंग एवढं ओझं नेलं काहून वं?"

"नसतं नेलं तं तू झोपली असती का?"

मी उठून भाजी टाकायला गेले. कांदा चिरायचा होता, ते एक बरं झालं.

पुढच्या रविवारी ओढणी घेऊन बाहेर आले, तर हिने कात्रीने गाठ कापून टेकू लावला होता. चाक हवेत गरागरा फिरत होतं. "राहू दे आई, तुह्ये गुडघे दुखतात. मस्त आहे हा टेकू."

नागपूर ते स्पिती जे काम वाटेत दिसेल त्याला दिलं, ते फक्त जन्मदात्या आईला द्यायचं नव्हतं.

"काढ तो," मी म्हणाले.

"काहून?"

"पपईच्या झाडाले पाहिजे."

झाड सरळ होतं, अजूनही सरळच आहे. टेकू त्याला लावलेला आहे.

"थोडी समोर," ती म्हणाली. मी ढकलली.

समोरून काकूंचा आवाज आलाच, "काय वं, पेट्रोल संपलं का?"

"हो ना," मी म्हणाले. "दर रविवारी संपते."