दाराचा नंबर

कोरियातल्या कुन्सानच्या आमच्या इमारतीत कुजबुज होती, की तळमजल्यावर तोंडीलावणी विकणारी मालसुक ही लोकांची पोरं फूस लावून पळवते. ही बातमी तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंची. शेजारच्या रश्शात मीठ किती, हेही त्यांनाच आधी कळतं. खरं एवढंच, की घर सोडून निघालेलं पोर स्टँडवर जाण्याआधी मालसुककडे टेकतं. ती भात वाढते, काही विचारत नाही, आणि वर जाऊन आईबापांना सांगते, "नंबर बदलू नका."

आमच्या दारांना आकडे दाबून उघडायची कुलपं. पोराला धडा शिकवायचा म्हणजे बाप आधी दाराचा नंबर बदलतो. पोरानं घंटी वाजवावी, माफी मागावी, असा बेत. पोरं घंटी वाजवत नाहीत. कुलूप दोनतीनदा चुकीचं वाजलं की जिना उतरतात.

त्या रविवारी टॅक्सीवाल्या मेंगची पोरगी सोल्ही जिना उतरली. शिकवणी बुडवून केस पिवळे करून आली होती. निम्मा वाडगा संपवून म्हणाली, "मावशी, पुसानची शेवटची बस कधी?"

"ठाऊक नाही. जेव." मालसुक सोयाबीनच्या मोडांच्या शेपट्या खुडत राहिली. पोरगी जाणार, हे तिला दिसत होतं. छातीत धडधडायला हवं होतं, पण तिचा मुलगा घर सोडून गेल्यापासून तिथं काही हलत नसे. आमचे विनोदही तिच्यावर वायाच जात.

मग तिनं सोल्हीला अर्ध्या जिन्यापर्यंत आणलं. "इथं थांब. मी परत आल्यावर जायचं तर जा."

मेंगनं बनियनवरच दार उघडलं. "काय मावशी, आता तोंडीलावणी घरपोच?"

"नंबर पूर्वीचा कर."

"का? वाजवू दे ना तिला घंटी. हात झिजतात का?"

"नाही वाजवणार ती."

आत बायकोनं टीव्ही बंद केला. त्यामुळे मेंगला आणखीच जोर चढला. "तुमचा स्वतःचा सोळाव्या वर्षी गेला तो तोंड दाखवायला आला नाही. आणि तुम्ही आम्हाला पोरं सांभाळायला शिकवणार?"

मालसुकनं एप्रनला हात पुसले.

"तो गेला तेव्हा नंबर मीच बदलला होता. पोरगी खाली जिन्यात उभी आहे. आधी नंबर पूर्वीचा कर, मग मला काय बोलायचं ते बोल."