गुंडाळून नेता येणारा वर्ग

नलिनीताई गेल्याचं कळलं तेव्हा मी सहामाहीचे पेपर तपासत बसले होते. ऑफिसातून शिपाई सांगत आला, "बाई, तुमचा फोन आलाय." पलीकडे देवस्थळी काका होते, नलिनीताईंचे यजमान. अगदी सरळ आवाजात म्हणाले, "सुषमा, नलू गेली गं. सकाळी चहा टाकला, गॅस बारीक केला आणि खाली बसली ती... डॉक्टर येईपर्यंत संपलंच होतं." मी काही बोलायच्या आत पुढे म्हणाले, "तिच्या शाळेत कळवायचं राहिलंय. नंबर तिला पाठ होता, मला नाही. तुझ्याकडे आहे का?" मी नंबर दिला. स्टाफरूममध्ये परत आले, पेन उचललं, हातातला पेपर शेवटपर्यंत तपासला, बेरीज केली, आणि मग उठून चालत सुटले. रिक्षा करायचंही सुचलं नाही. नवघरच्या रस्त्यावर नेहमीच्या भाजीवाल्याने हटकलं, "क्या हुआ टीचर, इतना जल्दी में?" खरंच, घाई कसली होती? पण त्या दिवसापासून पायांत जी चुळबूळ भरली आहे ती अजून गेलेली नाही. महिना उलटून गेला. एका जागी बसून हे लिहायचा माझा हा तिसरा प्रयत्न.

आमची ओळख नवघरच्या शाळेतली, ऐंशीचं दशक संपत आलं होतं तेव्हाची. भाईंदर पूर्वेला तेव्हा इमारती उगवत होत्या, पण दोन इमारतींच्या मधे अजून भातखाचरं होती. आमच्या मराठी शाळेच्या मागच्या भिंतीला गिलावा नव्हता आणि त्या भिंतीपलीकडे बेडूक ओरडायचे. नलिनीताई गिरगावातून इकडे राहायला आलेल्या, माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठ्या. त्यांना दुसरी 'अ' मिळाली, मला दुसरी 'ब'. मधे फक्त एक लाकडी पार्टिशन. पहिल्याच दिवशी त्या पार्टिशनपलीकडून असा काही आवाज सुरू झाला की मी डोकावून पाहिलं. बाईंनी पदर खोचला होता आणि त्या मुलांना घेऊन बाकं ओढत होत्या. सगळी बाकं भिंतींना लावली, मधला भाग रिकामा. हेडसर आले, दारातच थांबले. "बाई, हे काय चाललंय?" "सर, मुलांना बसायला जागा करतेय." "अहो, बाकं आहेत ना बसायला!" "तेच तर," नलिनीताई म्हणाल्या, "बाकांनीच सगळी जागा खाल्लीय."

सर हसले, पण अडचण खरी होती. सकाळी त्याच खोलीत हायस्कूलचे वर्ग भरायचे, दुपारी आमचे. भिंतीवर काही लावलं की दुसऱ्या दिवशी फाटलेलं असायचं, कोपऱ्यात काही ठेवलं की गायब. आम्ही बाकीच्या बायका त्याचीच कुरकुर करत वर्षं काढत होतो. नलिनीताईंनी घरची एक जुनी डबलबेडची चादर आणली. तिला ओळीने खिसे शिवले, लहान, मोठे, काही नुसत्या नाड्यांचे. खिशात करवंट्या, चिंचोके, काडेपेट्यांचे खण, रिळं, दोऱ्या, पानं, पिसं. दुपारी आल्या की चादर दोन खिळ्यांना टांगायच्या, की झाला वर्ग सुरू. सुटायच्या आधी मुलं एकेक वस्तू पुन्हा तिच्या खिशात ठेवायची. कुठली वस्तू कुठल्या खिशातली हे त्यांना तोंडपाठ, आणि चुकलं तर दुसराच कुणीतरी ओरडायचा, "ए, ते त्याचं घर नाय!" मग चादर गुंडाळायची, नाडी बांधायची, आणि बाई ती काखेत मारून घरी. माझ्या वर्गात तेव्हा नियम लिहिलेला तक्ता होता. शिस्त मात्र त्यांच्याकडे होती.

चादरीतल्या वस्तू सतत बदलायच्या, कारण बाई पुस्तकातल्या धड्यांच्या क्रमाने जायच्याच नाहीत. बाहेर जे चालू असेल ते आत. जुलैत चार ओले रुमाल चार ठिकाणी वाळत घालायचे, एक दारात, एक पंख्याखाली, एक दप्तरात, एक घडी घालून. कुठला आधी वाळला? का? श्रावणात शाळेच्या आवारात टाकळा माजायचा, मग त्याची पानं संध्याकाळी मिटतात ती बघायला मुलं सुटल्यानंतरही थांबायची आणि आया गेटपाशी खोळंबायच्या. हिवाळ्यात गच्चीवर एकमेकांच्या सावल्यांभोवती खडूने रेघा मारायच्या आणि तासाभराने तीच मुलं त्याच जागी उभी करायची. सावली रेघेबाहेर गेलेली पाहून एकदा एक मुलगी चक्क रडली होती. उन्हाळ्यात माठातलं पाणी आणि स्टीलच्या पिंपातलं पाणी, डोळे मिटून ओळखायचं. आणि हे सगळं धावपळीत. बाई खुर्चीवर बसलेल्या मी पाहिल्याच नाहीत. एखादी गोष्ट जमली, मुलांना आवडली, की पुढच्या वर्षी ती बंद. मी म्हणायचे, "अहो, छान झालं होतं की. तेच करा ना परत." त्या म्हणायच्या, "मला आता उत्तर माहीत झालंय, सुषमा. मग मी मुलांकडे नीट बघणार नाही."

अशाच एका हिवाळ्याच्या अखेरीस त्यांनी मुलांना मिठागरात नेलं. वर्गातली निम्मी मुलं लालबाग-परळहून आलेल्या नोकरदारांची, त्यांनी मीठ फक्त पिशवीतलं पाहिलेलं. ती हरखून गेली. मिठाला हात लावला, चाटून पाहिलं, कुणी खिशात भरलं. मीही माझा वर्ग घेऊन बरोबर होते. नवघर गावातली संगीता मात्र हात पाठीमागे बांधून बांधावर उभी राहिली. बाईंनी बोलावलं तरी खाली उतरली नाही. दुसऱ्या दिवशी शाळा भरायच्या वेळेला तिचे वडील आले. कुठल्याशा कारखान्यात कामाला होते, पाळी सोडून आले होते. आवाज चढवला नाही. "बाय, माझे आयशीच्या पायाला कंदी चामरी रायली न्हाय, या मिठानी. पोरीला त्यातून बाहेर कारायला शालेत घातली. न तुमी तिला त्याच मिठागरान फिराया नेली?"

मला वाटलं, आता नलिनीताई समजावून सांगतील... परिसर अभ्यास, अनुभव, वगैरे. आम्हाला ट्रेनिंगमध्ये शिकवलेले सगळे शब्द माझ्या तोंडाशी आले होते. त्यांनी खोचलेला पदर सोडला. मग म्हणाल्या, "चुकलं माझं." एवढंच. दिवसभर त्यांनी चादर टांगली नाही. मधल्या सुट्टीत पार्टिशनपाशी येऊन म्हणाल्या, "जे त्यांचं ओझं, ते मी सहल म्हणून दाखवलं गं." त्याच संध्याकाळी त्या मला ओढत संगीताच्या घरी घेऊन गेल्या. ओटीवर बसून त्यांनी वडिलांना विचारलं, "तुम्ही सांगा, पोरीला काय यायला पाहिजे?" त्या माणसाने दाराकडे पाहिलं. एवढा वेळ दारामागे उभी असलेली त्याची बायको पुढे आली. "वजन बगता आला पायजे तिला. आमाला काट्यावर सगल्यांनी फसवला. मिठाला बी, भाताला बी."

पुढच्या आठवड्यात चादरीच्या सगळ्यात मोठ्या खिशात एक तराजू आला. त्यानंतर वर्गात जे येईल ते तोलायचं. भिजलेला रुमाल आणि वाळलेला रुमाल, ओली माती आणि सुकी माती, कैरी आणि तिची कोय. काटा वाचायचा, समोरच्याने सांगितलेल्या वजनावर विश्वास ठेवायचा नाही, स्वतः वाकून बघायचं. एकदा बाईंनी मुद्दाम पारड्याच्या तळाला चिंच चिकटवून ठेवली. संगीताने पारडं उलटं केलं, चिंच ओढून काढली आणि बाईंच्या टेबलावर आपटली. "बाई, तुमी फसवतव!" बाई इतक्या खूश झालेल्या मी क्वचित पाहिल्या. मिठागरात मात्र त्या परत कधी गेल्या नाहीत.

नव्वदनंतर आमच्या शाळेतली हवा बदलली. तिकडे मीरा रोडला शांती नगरचे सेक्टरच्या सेक्टर भरू लागले, इंग्रजी शाळा निघाल्या, आणि दर जूनमध्ये आमच्या पटावरची नावं कमी होऊ लागली. मराठी आईबाप दाखला मागायला यायचे आणि खाली मान घालून उभे राहायचे. 'अ' आणि 'ब' एकत्र झाले, मधलं पार्टिशन निघालं. नलिनीताईंना ऑफिसात कारकुनी मदतीला बसवलं. बसवलं हाच शब्द बरोबर आहे. त्या बसू शकत नव्हत्या. टाचण्या रंगांप्रमाणे लावायच्या, कपाटं आवरायच्या, ऑफिसच्या खिडकीतून मैदानाकडे बघत उभ्या राहायच्या. आणि एक दिवस स्टाफरूममध्ये येऊन म्हणाल्या, "मी राजीनामा दिलाय. शांती नगरमधल्या एका शाळेत लागतेय. इंग्लिश मीडियम."

कुणीतरी चहाचा कप आपटला. "तुम्ही? तुम्हीसुद्धा?" आमच्यातल्या एक ज्येष्ठ बाई तर घरभेदी म्हणाल्या, अगदी तोंडावर. नलिनीताई चिडल्या नाहीत. म्हणाल्या, "मुलं तिकडे गेलीयत. मी इथे काय भिंतींना शिकवू?" मी त्यांना स्टेशनपर्यंत सोडायला गेले. वाटेत विचारलं, "पण ताई, तुमचं इंग्रजी?" "वाईट आहे," त्या म्हणाल्या. "शेजारची कॉलेजातली मुलगी रोज शिकवतेय. ती मला ओरडते. फार चांगलं वाटतं गं, पन्नाशीला कुणी ओरडणारं असलं की."

त्यांचा तिकडचा वर्ग मी एकदा जाऊन पाहिला. गुजराती, मारवाडी, मुस्लिम, मलयाळी, आपली, सगळ्या घरांतली मुलं. तीच चादर, आता ठिगळं लावलेली. बाई विचारत होत्या, "चिल्ड्रेन, व्हॉट विंड इज डूइंग?" सगळा वर्ग एका सुरात, "टीचर, व्हॉट इज द विंड डूइंग!" "हां, तेच. चला, बाहेर जाऊन बघू या." मुलं त्यांची वाक्यं दुरुस्त करायची आणि त्या मुलांना प्रश्न विचारायला लावायच्या, असा तो सौदा होता. टाकळ्याच्या पानाखाली त्यांनी प्रत्येकाच्या घरी त्याला काय म्हणतात ते लिहून घेतलं होतं. शाळेच्या मॅडमनी हटकलं, "ओन्ली इंग्लिश, प्लीज." तर या म्हणाल्या, "मॅडम, पत्ते को इंग्लिश नहीं आती." मॅडम कडक होत्या, पण त्या दिवशी हसल्या म्हणे. शेवटची दोन वर्षं ताईंना धाप लागायची. डॉक्टरांनी जिने चढू नका म्हटलं, तर यांचा वर्ग गच्चीवर.

त्या गेल्यानंतर चार दिवसांनी त्याच मॅडमचा मला फोन आला. गच्चीवर तेलाच्या कापलेल्या डब्यांत मुलांनी लावलेला भात पिकला होता. टीचरनी कापणीचा दिवस सांगून ठेवला होता आणि मुलं ऐकत नव्हती. मी रजा टाकून गेले. मुलांना सांगितलं होतं की टीचर गावी गेल्यात. गच्चीवर पोचते न पोचते तोच एका मुलीने विचारलं, "टीचर कब आएगी?" मी मॅडमकडे पाहिलं. त्यांनी मान खाली घातली. खाली बसून मी मुलांना सांगितलं, "टीचर नहीं आएगी. वो मर गई." कुणी रडलं नाही. सगळी माझ्याकडे बघत राहिली, जणू उरलेलं वाक्य यायचंय. मग एक मुलगा म्हणाला, "तो काटने का कि नहीं?" "काटने का," मी म्हटलं.

कसं कापायचं ते त्यांनाच जास्त माहीत होतं. एका डब्यातला भात त्यांनी तसाच ठेवला. "ये चिड़िया का है, टीचर बोली थी." बाकीचा कापून वर्गात राहिलेल्या ताईंच्या चादरीवर झोडपला, फुंकर मारून कोंडा उडवला, एकमेकांच्या डोळ्यांत उडवला, भांडले, हसले. दाणे भरले जेमतेम ओंजळभर. ते कुणाला द्यायचे यावर बराच वाद झाला आणि शेवटी ठरलं, टीचरच्या घरी.

मी ते कागदाच्या पुडीत घेऊन काकांकडे निघाले खरी, पण दारापर्यंत जाऊन दोनदा परतले. जिने चढायचे, बेलकडे हात न्यायचे, उतरायचे. दिवाळीनंतरच्या एका सकाळी अखेर बेल दाबली. काकांनी पुडी उघडून पाहिली, दाणे ताटलीत ओतले आणि बोटाने पसरत राहिले. मग अचानक म्हणाले, "तुला ठाऊक नसेल. नऊ-दहा वर्षांची असताना तिला मोठं दुखणं झालं होतं. जवळजवळ वर्षभर पाठीवर पडून. गिरगावातली खोली, एकच खिडकी, आणि समोर हातभरावर दुसऱ्या चाळीची भिंत. म्हणायची, माझ्या आयुष्यातलं एक वर्ष असं आहे की त्यात ऊन नाही, पाऊस नाही, काही नाही. नुसती भिंत." मी इतक्या वर्षांत हे ऐकलं नव्हतं.

"लग्न झाल्यापासून रोज सकाळी," काका म्हणाले, "उठली की खिडकी उघडायची, हात बाहेर काढायची आणि विचारायची, आज काय आहे? मी पेपरातून मान वर न करता म्हणायचो, आज बुधवार. ती म्हणायची, वार नाही विचारला..." ते थांबले. उठले, खिडकीपाशी गेले, कडी काढली आणि सदऱ्याची बाही मागे सारून हात कोपरापर्यंत बाहेर धरला. खाली रिक्षांचे हॉर्न वाजत होते. शेवटी मीच विचारलं, "काका, आज काय आहे?"

"गार आहे," ते म्हणाले. हात त्यांनी आत घेतला नाही. "पण कालच्यासारखं नाही."